जग बुडालं, फर्स्ट क्लास वाचला

सर्वनाश झाला की माणसं एक होतात, असं मानणाऱ्या भाबड्यांनी बाँग जून-हो यांचा २०१३चा ‘स्नोपिअर्सर’ हा चित्रपट जरूर पाहावा. तापलेली पृथ्वी थंड करायला आभाळात ‘सीडब्ल्यू-७’ नावाचं रसायन फवारतात आणि ती इतकी थंड होते की सगळंच गोठतं. रोग परवडला, पण औषध नको! उरलेसुरले जीव वर्षाला एक पृथ्वीप्रदक्षिणा घालणाऱ्या आगगाडीत. देश गेले, सरकारं गेली. डब्यांची वर्गवारी मात्र शाबूत.

मागच्या डब्यात खायला काळ्या, थुलथुलीत वड्या. त्या किड्यांच्या, हे नंतर कळतं. पुढे सुशी, सौना आणि नाचगाणी. सुशीसुद्धा वर्षातून दोनदाच, कारण मत्स्यालयाचा समतोल बिघडता कामा नये! निसर्गाचा समतोल राखायची अक्कल आली, तीही एका डब्यापुरती. मागच्या एकाने बूट फेकून मारला, तर त्याचा हात बर्फगार वाऱ्यात बाहेर काढून गोठवतात. तो गोठेपर्यंत गाडीतल्या मंत्रीणबाई तोच बूट त्याच्या डोक्यावर ठेवून प्रवचन झोडतात. सार एवढंच: पायातली वहाण पायातच बरी. आणि इंजिनाचा सुटा भाग मिळेनासा झाला, की त्या जागी मागच्या डब्यातलं पोर बसवतात. गाडीच्या मालकाच्या मते याला व्यवस्था म्हणतात.

तेव्हा हवामानाच्या संकटात ‘आपण सगळे एकाच नावेत आहोत’ असं कुणी व्यासपीठावरून सांगितलं, तर टाळ्या वाजवण्याआधी त्यांचं तिकीट कुठल्या वर्गाचं आहे, तेवढं विचारून घ्या.