घोटाआधीचा निकाल

वरचेवर फ्रान्सला जाणाऱ्यांना तिथल्या खाण्यापिण्याबद्दल मत नसतं, निकाल असतो. पॅरिस बिघडलं, खरं जेवण ल्यॉंलाच. वाइनमध्ये बोर्दो दिखाऊ, बरगंडी सच्ची. दुपारी अडीचला तिथलं स्वयंपाकघर बंद झालं की ती संस्कृती; पुण्यात झालं तर माज. निकालांचंच म्हणाल, तर १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनीच लेबलं झाकून वाइन चाखल्या आणि कॅलिफोर्नियाला पहिला नंबर दिला. पुढे बोर्दोत संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळला, तर वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिच्यात लाल वाइनचे गंध शोधून काढले! आमच्या पंडितांना असं फसण्याची भीती नाही. ते आधी लेबल वाचतात, मग किंमत, आणि घोट घेण्यापूर्वीच तृप्त होऊन डोळे मिटतात.