स्टॉकहोमची आडवी बाटली

पुण्याच्या काकांच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे मद्यप्राशनाचा आजीवन परवाना असतो. ‘प्रकृतीच्या रक्षणासाठी’ पिण्याची मुभा देणारा हा महाराष्ट्र सरकारचा कागद काकांच्या लेखी पासपोर्टाहून वरचढ. स्वीडनलाही तो गेला.

शनिवारी टूरवाल्यांनी वासा जहाज दाखवलं. १६२८ साली पहिल्याच सफरीत दीड किलोमीटरही न जाता बुडालेलं, १९६१ साली वर काढलेलं. एवढी फजिती तिकीट लावून दाखवणाऱ्या लोकांबद्दल काकांना एकदम आदर वाटला आणि ते तिथेच रेंगाळले. ‘सिस्टेमबोलागेट’ या दुकानाच्या दारात पोचेपर्यंत तीन वाजून गेले होते. दार बंद!

साडेतीन टक्क्यांहून कडक बिअर, वाइन, व्हिस्की असं जे काही घरी न्यायचं, ते स्वीडनमध्ये मुख्यतः या सरकारी दुकानांतूनच घ्यावं लागतं. शनिवारी ती बहुतेक ठिकाणी तीनला मिटतात आणि रविवारी उघडतच नाहीत. एकावर एक फुकट नाही, बिअरसुद्धा थंड करून ठेवलेली नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद, हे पुणेकराला कुणी शिकवायला नको. पण तीनला मिटलेलं दुकान थेट सोमवारी उघडणार, म्हणजे हे पुण्याच्याही पुढचं! काकांनी परवाना काचेला लावून दाखवला. आतल्या मुलीनं तो लक्षपूर्वक पाहिला, गोड हसली आणि दिवा मालवला.

बार उघडे होते. काकांनी एका ग्लासाच्या किमतीला रुपयांत गुणलं आणि बाहेर आले. मग किराणा दुकानात मिळणारी साडेतीन टक्क्यांची बिअर आणली. “पातळ ताक,” असा शेरा मारून ती त्यांनी पूर्ण संपवली.

रात्री जेवताना टूर मॅनेजरनं जखमेवर मीठ चोळलं. म्हणे, पूर्वी इथे दारूचं रेशनकार्डच होतं. इव्हान ब्राट नावाच्या डॉक्टरनं बसवलेली पद्धत. ‘मोटबुक’ नावाच्या वहीत प्रत्येक खरेदीची नोंद व्हायची, आणि कुणाला किती द्यायची ते माणसाची ऐपत आणि वर्तणूक पाहून ठरायचं. विवाहित बाईला सहसा वही मिळतच नसे. हे सगळं १ ऑक्टोबर १९५५ ला संपलं.

“बाईला नाही?” काकी पहिल्यांदाच बोलल्या.

नाही. मात्र १९२२ मध्ये संपूर्ण दारूबंदीवर सार्वमत झालं तेव्हा बायकांची मतं वेगळी मोजली होती. शंभरातल्या ५९ बायका बंदीच्या बाजूनं, जवळजवळ तेवढेच पुरुष विरुद्ध. बंदी थोडक्यात हुकली, ५१ विरुद्ध ४९.

काकींनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या माहेरच्या गावातही मतदान झालं होतं, उभी बाटली की आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं. काकींची आई तापात उठून गेली होती. का, ते काकांना चाळीस वर्षांच्या संसारात कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. आजही त्यांनी विचारलं नाही. पण आणखी बिअर मागितलीही नाही.

स्टॉकहोमला जाणाऱ्यांसाठी: दुकानात वयाची अट २० वर्षांची, बारमध्ये १८ ची. गाडी चालवणार असाल तर रक्तात ०.२ प्रमिल, म्हणजे हजारात ०.२ भाग, अल्कोहोल सापडलं तरी गुन्हा होतो. आणि वासा रविवारीही उघडं असतं, शनिवारी दुपारी पाहू नये.