नेलपेंटचा पुरावा

पाय प्लास्टरमध्ये होता ते पाच आठवडे मी न्यायाधीश होतो. कोर्ट मध्य रेल्वेच्या स्लो लोकलमध्ये, अपंगांच्या डब्यात भरायचं. (रेल्वे आता दिव्यांग म्हणते. डब्यातली माणसं 'आपला हँडिकॅप डबा' म्हणतात.) डोंबिवलीला चढायचं, कुबडी कोपऱ्यात टेकवायची आणि पुढे प्रत्येक स्टेशनावर चढणाऱ्याचे आधी पाय बघायचे. पाय धड दिसले की केस उभी.

त्या दिवशी मुलुंडला एक मुलगी चढली. पंचविशीची असेल. जीन्स, कानात इअरबड्स, नखांना मरून नेलपेंट. चालणं सरळ. खिडकीजवळची सीट रिकामी दिसली तशी बसली आणि तिने डोळे मिटले.

समोरच्या काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे.

"काय बोलायचं आता," काका म्हणाले.

"लाजच उरली नाही हो," मी.

"घरचं वळण, दुसरं काय."

नाहूर यायच्या आत आईवडिलांचाही निकाल लागला. भांडुपला तिची सगळी पिढी आरोपीच्या पिंजऱ्यात. कांजूरला मी नेलपेंटचा पुरावा दाखल केला. नखं रंगवायला वेळ आहे म्हणजे हिला झालंय काय? नेलपेंट लावणारा माणूस आजारी नसतो, हे वैद्यकशास्त्र आम्हा दोघांनाही तोंडपाठ होतं. विक्रोळीपर्यंत मोबाईल, रील्स, पगार, उशिरा होणारी लग्नं असं सगळं आटोपून आम्ही देशाच्या भवितव्याशी पोचलो. मुलगी झोपली होती. आरोपी गैरहजर असला की खटले भराभर निघतात.

काकांचा राग अगदीच पोकळ नव्हता, हेही सांगायला हवं. त्यांच्या पायात पोलिओचं कॅलिपर. गर्दीच्या वेळी याच डब्यात धडधाकट माणसं दारापर्यंत कोंबलेली असतात आणि 'जरा सरका' म्हटलं की मोबाईलमध्ये बघतात. तीसेक वर्षं ते सोसलेल्या माणसाने संशय घेतला तर त्याला काय म्हणणार?

पण माझं काय?

या डब्यात बसायला अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. माझ्याकडे हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती, तीही घरी, फ्रिजवर चुंबकाखाली. म्हणजे त्या डब्यातला सिद्ध झालेला घुसखोर एकच, आणि तो निकालपत्र वाचत होता. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. कारण माझ्याकडे कारण होतं ना! पायरी ओली होती, घोटा मुरगळला नाही तर मोडलाच होता, साहेब वर्क फ्रॉम होम देत नव्हते. माझी सगळी परिस्थिती मला ठाऊक. तिची फक्त नखं.

आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्या आज्या हे भाजी निवडता निवडता सांगायच्या. जवळपास याच गोष्टीला ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1977 साली एक लांबलचक भारदस्त नाव दिलं. दुसरा चुकला की आपण त्याचा स्वभाव बघतो, त्याच्यावर काय वेळ आलीय ते बघत नाही, असा त्याचा मतलब. मला उशीर झाला तर मेगाब्लॉक. तुम्हाला झाला तर तुम्ही बेशिस्त.

त्याआधी चार वर्षं प्रिन्स्टनमध्ये डार्ली आणि बॅटसन या दोघांनी एक गंमत करून बघितली होती. धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत भाषण द्यायला पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषय तर बायबलातल्या त्या शोमरोन्याची गोष्ट, रस्त्यात पडलेल्याला उचलणाऱ्याची. वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला. हा अर्थात ठरवून बसवलेला. ज्यांना 'तुमच्याकडे वेळ आहे' म्हटलं होतं त्यांच्यातले 63 टक्के त्याच्यासाठी थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' म्हटलं त्यांच्यातले 10 टक्के. विषय परोपकाराचा होता की नाही, याने मोठासा फरक पडला नाही. फरक घड्याळाने पडला. पण काका आणि मी त्या दारापाशी उभे असतो तर पळणाऱ्यांना 'ढोंगी' म्हणून मोकळे झालो असतो. कुणाच्या मनगटाकडे कोण बघतंय?

निकाल द्यायची आपल्याला एवढी घाई का, याचं माझं उत्तर मात्र प्रिन्स्टनचं नाही, विक्रोळीचं आहे. मजा येते हो. मुलुंडच्या आधी अर्धा तास काका आणि मी समोरासमोर बसून एक शब्द बोललो नव्हतो. ती चढली आणि भांडुपपर्यंत आम्ही जुने दोस्त. काकांनी डब्यातून चकली काढून दिली. तिसऱ्याला नावं ठेवून जमणारी दोस्ती चहापेक्षा स्वस्त पडते. तिला नुसतं 'काय गं, बरं नाही का?' विचारलं असतं तर चकली गेली असती.

कुर्ला गेलं, दादर गेलं. मुलगी उठली. दांडी धरून क्षणभर तशीच उभी राहिली, मग परळला उतरली.

परळ! आम्ही दोघं गप्प. परळ म्हणजे टाटाचं कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईकराला दुसरं काही सांगावं लागत नाही. कॅन्सरच्या पेशंटला या डब्यात मुभा असते. शिवाय 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, त्यात थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे. यातलं काही जीन्समधून दिसत नाही. "टाटाला जात असणार," काका हळूच म्हणाले. मला भरून आलं. बिचारी, एवढ्या लहान वयात. मी मनातल्या मनात तिची क्षमा मागितली आणि मला फार बरं वाटलं.

करी रोड गेल्यावर लक्षात आलं की परळला काचेच्या इमारती आहेत, त्यांत शेकड्यांनी ऑफिसं आहेत आणि तिथे रोज हजारो मुली नेलपेंट लावून कामाला उतरतात. तासाभरात मी त्या पोरीला आधी फुकटी ठरवलं, मग कॅन्सर दिला. विचारलं दोन्ही वेळा नाही. दुसरा निकाल पहिल्याहून कमी वेळात लागला होता, फक्त तो देताना माझा चेहरा सज्जन होता.

सीएसएमटीला फलाटावर टीसी उभा. माझ्या पुढे उतरलेल्या एका तरुणाला त्याने थांबवलं. तरुण हातपाय धड असलेला, पाठीला सॅक. "कार्ड दाखवा." तो सॅकचे कप्पे उचकायला लागला. मग टीसीची नजर माझ्या प्लास्टरवर गेली. "या साहेब, सावकाश या," म्हणत त्याने हात धरून मला उतरवलं.

प्रमाणपत्र त्याने मागितलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.