घर फिरलं, वासेही फिरले

भाच्याने अमेरिकेहून एक फोटो पाठवला आणि आमच्या घराला चाकं फुटली.

भाचा ओहायोत, क्लीव्हलंडला असतो. क्लीव्हलंड आणि अ‍ॅक्रन या दोन शहरांच्या मधोमध कायाहोगा व्हॅली नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. फोटोत तो एका भल्यामोठ्या गाडीच्या पायरीवर हाफ चड्डीत बसून चहा पीत होता. मागे उघड्या दारातून पलंग, शेगडी, बेसिन दिसत होतं. खाली लिहिलं होतं, ‘घर घेऊन फिरतोय, मामा.’ वीस वर्षं हप्ते फेडून बदलापूर पूर्वेला साडेचारशे चौरस फुटांत रुतून बसलेल्या माणसाला असं काही लिहू नये.

तो फोटो मी मेहुण्याला दाखवला. मेहुणा अंबरनाथला राहतो आणि त्याची तेरा आसनी ट्रॅव्हलर आहे. शनिवार-रविवार लग्नाची वऱ्हाडं, मंगळवार ते शुक्रवार एका कंपनीचे कामगार, आणि सोमवारी गाडी धुवायची, असा तिचा आठवडा. फोटो त्याने दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

“दाजी, यात आपल्याकडे नाही असं काय आहे? गाडी माझी. नॅशनल पार्क बोरिवलीला. फर्निचरला उल्हासनगर.”

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे 104 चौरस किलोमीटरचं अस्सल जंगल, मुंबई आणि ठाण्याच्या पोटात. आत विहार आणि तुळशी हे दोन तलाव, कान्हेरीची शंभरावर लेणी आणि बिबटे. बिबट्यांशी आमच्या पट्ट्याचा घरोबा आहे. 2019 च्या जानेवारीत उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एक बिबट्या थेट बंगल्यात शिरला होता. त्याला बेशुद्ध करून, पिंजऱ्यात घालून सरकारी गाडीने नेलं. त्याला ना लोकलचा पास काढावा लागला, ना चौथ्या सीटसाठी कोणाला ‘जरा सरका’ म्हणावं लागलं. सगळा प्रवास झोपून. आम्हाला तेवढंच हवं होतं.

सीट काढून गाडीचं घर करायच्या बेताला पहिला धक्का कल्याणच्या आरटीओ एजंटने दिला. आरसी बुकात जशी गाडी आहे तशीच ती रस्त्यावर दिसली पाहिजे, नोंदणीशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे चालत नाहीत. तेरा सीट म्हणजे तेरा सीट. राज्य सरकारने 2021 साली कारवां पर्यटनाचं धोरण आणलंय, पण त्यातली कारवां म्हणजे रीतसर कारवां म्हणून नोंदलेली गाडी. ती उभी करायची जागाही वेगळी, जिथे पाणी, वीज आणि मैलापाण्याची सोय असते. मेहुणा अर्धा मिनिट गप्प बसला. त्याच्या आयुष्यातला हा विक्रम असावा.

“मग गाडीचं घर करायचंच नाही,” तो म्हणाला. “घर गाडीत ठेवायचं. सीटच्या वर.”

म्हणून आम्ही उल्हासनगरला गेलो. त्यासाठी उल्हासनगरइतकं योग्य गाव दुसरं नाही. हे गाव मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथल्या बराकीत उतरवलं, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते छावणीचं उल्हासनगर झालं. लोक अजून पत्ता मात्र कॅम्प एक, कॅम्प चार असाच सांगतात. फर्निचर बाजारातल्या शेठजींना आम्ही अडचण सांगितली, तर त्यांना ती अडचणच वाटेना.

“साईं, बराक में हमारे दादाजी ने बीच में चादर डालके चार फॅमिली रखी. आपके पास तो तेरा सीट है!”

आठ दिवसांत पलंग तयार झाला. सहा फूट बाय चार, वर सनमायका, गुळगुळीत, देखणा. ट्रॅव्हलरचं दार रुंदीला अडीच फूट. पलंग उभा केला, आडवा केला, तिरका केला. एकदा तर मेहुणा आत, पलंग दारात आणि मी बाहेर अशा अवस्थेत आमचा वीस मिनिटं संवाद तुटला. शेवटी सुतार आला. त्याने कानावरची पेन्सिल काढून मधोमध एक रेघ मारली आणि काही कळायच्या आत करवत चालवली. दोन तुकड्यांना तीन बिजागऱ्या बसल्या. मधली बिजागरी बरोबर कमरेखाली येते. कूस बदलली की ती आधी कुरकुरते आणि मग चिमटा काढते.

पलंग सीटच्या पाठींवर टेकवला की हलायचा, म्हणून त्याला लोखंडी पाय हवे होते. ते काम अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने केलं. पाय झाले भक्कम, पण सहा इंच जास्त उंच. मी आत जाऊन आडवा झालो, तेव्हा माझं नाक आणि गाडीचं छत यांत एक वीत अंतर उरलं होतं. “गॅरंटी किती?” असं विचारल्यावर तो म्हणाला, “वेल्डिंगची सहा महिने.” तिथून आम्ही तसेच शिवमंदिरात गेलो. शके 982, म्हणजे सन 1060 मधलं हे देऊळ, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं. वालधुनीच्या काठी साडेनऊशेहून जास्त पावसाळे अंगावर घेऊन उभं आहे. गाभारा जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून जायचं. बायको पायऱ्या चढून वर आली आणि एवढंच म्हणाली, “याचा फॅब्रिकेटर कोण होता, विचारा जरा.”

बायकोचा या सहलीला विरोध नव्हता. तिचं म्हणणं सरळ होतं, घर न्यायचं तर घरातलं सगळं न्यावं लागेल. यादी तिने केली. दोन कुकर, मिसळणाचा डबा, पोळपाट, सांडशी, पन्नास लिटरचा पाण्याचा ड्रम, मच्छरदाणी, आणि ‘तिथे सांधे धरले तर’ म्हणून शेक घ्यायची पिशवी. संडासाच्या प्रश्नावर घरात तीन बैठका झाल्या. मेहुण्याने बादली आणि पडदा असा प्रस्ताव मांडला. तो एकमताने फेटाळला गेला आणि मांडणाऱ्याला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

त्यातच भाच्याला फोन करून विचारलं, तुम्ही रात्री गाडी उद्यानात नेमकी कुठे लावता? तो म्हणाला, “उद्यानात कुठे मामा, आत गाडी लावून राहायची सोयच नाही. बाहेर वीस मैलांवर पैसे भरून राहिलो होतो.” हे फोटोच्या खाली लिहिलेलं नव्हतं.

बोरिवलीलाही मुक्कामी गाडी आत लावता येणार नव्हती. बायकोने कान्हेरीबद्दल कुठेतरी वाचलं होतं. म्हणाली, भिक्षू पावसाळाभर तिथेच राहायचे. प्रत्येक विहारात झोपायला दगडी ओटा, दाराशी कातळात खोदलेली पाण्याची पोढी. “दोन हजार वर्षांपूर्वी सगळी सोय होती. ओटा मधोमध कापलेला नव्हता, आणि पाण्याचा ड्रम कोणी वाहून नेत नव्हतं.”

राहिला रस्ता. बदलापूरहून काटई नाका, शीळफाटा, मुंब्रा बायपास, माजिवडा, मग घोडबंदर रोड, गायमुखचा घाट, दहिसर आणि बोरिवली. नकाशात पाहिलं तर आम्ही त्या उद्यानाला जवळजवळ अर्धी प्रदक्षिणा घालणार होतो. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा त्याच जंगलाच्या खालून खणतायत. तो होईपर्यंत थांबावं, असं मी सुचवलं. मेहुणा म्हणाला, “दाजी, तोपर्यंत वेल्डिंगची गॅरंटी संपेल.”

बायकोने तिसरा मार्ग सांगितला. लोकलने दादर, दादरहून बोरिवली, पूर्वेला उतरायचं की चालत उद्यान. घोडे बदलायचे म्हणून या गावाला बदलापूर म्हणतात, अशी एक गोष्ट इकडे सांगतात. दादरला गाडी बदलायला आपल्याला काय जड आहे? तिचं बोलणं बरोबर होतं, म्हणून आम्ही दोघांनीही ते ऐकलं नाही.

दिवस ठरायला वेळ लागला नाही. शनिवार-रविवारी घोडबंदरला मुंगी शिरत नाही आणि गाडी वऱ्हाडात असते. मधल्या दिवशी कंपनी. गाडी धुवायचा दिवस तेवढा मोकळा.

पहाटे चारला निघालो. पहिल्याच गतिरोधकावर मिसळणाचा डबा उघडला आणि हळद, तिखट, मोहरी सनमायक्यावर पसरली. शीळफाट्याला पाण्याचा ड्रम कलंडला. मुंब्रा बायपासवर मी पलंगावर आडवा होतो आणि खड्डा आला. एक वीत अंतर किती कमी असतं, ते मला कपाळावर कळलं. माजिवड्याला उजाडलं, गायमुखला उन्हं आली, आणि घोडबंदरच्या कंटेनरांच्या रांगेत मेहुण्याने भावगीतं संपवून भक्तिगीतं लावली.

साडेनऊला आम्ही उद्यानाच्या मोठ्या दाराशी पोचलो. दार बंद. समोर एक माकड आणि एक रखवालदार. मेहुण्याने काच खाली केली.

“काय हो, किती वाजता उघडतं?”

रखवालदाराने गाडीत डोकावून पाहिलं. पिवळा पलंग, त्याच्यावर मी, माझ्या कपाळावर टेंगूळ, बाजूला कुकर.

“शिफ्टिंग चाललंय का?” त्याने विचारलं. मग म्हणाला, “उद्या या. आज सोमवार. सोमवारी पार्क बंद असतं.”

कोणी काही बोललं नाही. बायकोने शांतपणे डबा उघडला. घर सोबत होतंच, म्हणून आम्ही घरातच बसून थालीपीठ खाल्लं. पाचव्या मिनिटाला वाहतूक पोलिसाने गाडी हलवायला सांगितलं. साडेचारशे चौरस फुटांतल्या घराला अजून कोणी तसं म्हटलेलं नाही.

तर सहा बाय चार फुटांचा एक पलंग, सनमायका नवा, मधोमध तीन बिजागऱ्या, लोखंडी पाय वेगळे, हळदीचा डाग किरकोळ, आमच्याकडे विकायचा आहे. गरजूंनी बदलापूर पूर्वेला येऊन स्वतः झोपून पाहावा. सोमवार सोडून केव्हाही.