दोन परदेश आणि एक मावशी

माझे दोन मावसभाऊ एकाच आठवड्यात भारतात उतरले. एक न्यू जर्सीहून, दुसरा श्टुटगार्टहून. सोयीसाठी त्यांना जर्सी आणि श्टुटगार्ट म्हणू. जर्सी म्हटल्यावर वाईच्या बाजारात कुणी 'दूध किती?' असं विचारलं, तर तो दोष माझा नाही.

दोघांना घेऊन मी वाईला मावशीकडे निघालो. खंबाटकी घाट चढेपर्यंत दोघांत स्वातंत्र्यावरून जुंपली. "आमच्याकडे सरकार माणसाच्या वाटेला जात नाही," जर्सी म्हणाला. पुढे बोलता बोलता कळलं, की याच्या अंगणातलं गवत किती वाढू द्यायचं ते याची सोसायटी ठरवते आणि हायवेवर ताशी ६५ मैलांच्या वर गेलं की पोलीस मागे लागतो. श्टुटगार्टची तऱ्हा उलटी. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, रिकाम्या बाटलीचे २५ सेंट सोडवायला ती दुकानात परत न्यायची, घरात टीव्ही नसला तरी महिना १८ युरो ३६ सेंट टीव्हीची वर्गणी भरायची. मात्र ऑटोबानवर कित्येक ठिकाणी वेगाला मर्यादाच नाही.

"म्हणजे स्वातंत्र्याला वेसण आणि शिस्त मोकाट," आमचे ड्रायव्हरकाका उलट्या बाजूने येणाऱ्या ट्रॅक्टरला वाट देत म्हणाले.

मावशीचं घर गणपती आळीत, पहिल्या मजल्यावर. जर्सी उत्साहात पुढे गेला आणि गायब झाला. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, हे आम्हाला उशिरा आठवलं. सापडला तेव्हा तो खालच्या बिऱ्हाडात पोह्यांची दुसरी बशी संपवत होता. पाहुणा कुणाचा, हे खाणं झाल्यावर विचारायचं, असा त्या घरचा रिवाज.

मावशीने वर येताच हजेरी घेतली. "रजा किती?"

"दहा दिवस. त्यातही लॅपटॉप आणलाय," जर्सी म्हणाला. पगारी रजा द्यायलाच हवी असा देशभराचा कायदा तिकडे नाही, हेही त्याने सांगून टाकलं.

"मग तुमचं सरकार काय नुसती विमानंच उडवतं?"

श्टुटगार्टची कळी खुलली. तिकडे वर्षाला चार आठवडे रजा कायद्यानेच, याला तर तीस दिवस. शिवाय आजारी पडलं तर सहा आठवडे पूर्ण पगार.

"पगार किती? आणि हातात किती येतो?" मावशीने विचारलं.

श्टुटगार्टचा चेहरा पडला. जर्मनीत पगार सख्ख्या मित्रालाही सांगत नाहीत. पण मावशीपुढे गोपनीयतेचा कायदा चालत नाही. त्याने कर, आरोग्यविमा, पेन्शन अशी वजाबाकी मांडली. मावशीने ती शेवटपर्यंत ऐकली.

"म्हणजे रजा तुझ्याच पैशांची रे!"

आता जर्सीची कळी खुलली.

मग मावशीला घेऊन बाहेर पडलो. ढोल्या गणपतीला नमस्कार केला. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या देवळातली ती ऐसपैस मूर्ती पाहून दोघांचं प्रथमच एकमत झालं: यांना डाएट कुणी सांगितलेलं दिसत नाही. मग मेणवली. नाना फडणविसांचा वाडा पाहून घाटावर उतरलो आणि 'स्वदेस'चं शूटिंग नेमकं कुठे झालं ते शोधताना जर्सी पायरीवरून घसरला.

"ॲम्ब्युलन्स बोलावू नका!" तो खाली पडल्या पडल्याच ओरडला.

मार डोक्याला लागला की काय, असं आम्हाला वाटलं. श्टुटगार्टने खुलासा केला, "तिकडे पायापेक्षा ॲम्ब्युलन्सचं बिल जास्त दुखतं." एवढं सांगून तो स्वतः 'पायरी निसरडी आहे' अशी पाटी शोधू लागला. गावातल्या डॉक्टरांनी पट्टी बांधून दोनशे रुपये घेतले, तेव्हा जर्सीने विचारलं, "हे आगाऊ का? बाकीचं बिल पोस्टाने येईल?"

लंगडत परत घाटावर आलो, कारण महादेवाच्या देवळाशेजारची घंटा राहिली होती. ही घंटा युरोपातली. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा चर्चमधून ती इकडे आली, असं सांगतात.

"हिची कागदपत्रं?" श्टुटगार्ट म्हणाला.

"हिचा विमा?" जर्सी म्हणाला.

मावशीने चष्मा सारखा करून घंटेकडे बघितलं आणि हात जोडले. "लेकुरवाळी आहे रे. पावणेतीनशे वर्षांत एकदा माहेरी गेली नाही. हिची रजा कुठल्या सरकारकडे मागायची, ते सांगा आधी."