घनदाट जंगल, नग 40

भूसुरुंग शोधणाऱ्या यंत्राची घनदाट जंगलातली चाचणी यशस्वी झाली. जंगल 40 कुंड्यांचं होतं.

यंत्र आपल्याच गडचिरोली भागातल्या एका पोराचं. अहेरीकडचा, तिशी ओलांडलेला, कॉलेजात कंत्राटी शिकवणारा. सरकारी जाहिरातीत त्याला 'तरुण संशोधक' म्हणतात, सोयरिकीच्या बैठकीत 'अजून काही ठरलं नाही' म्हणतात. लष्करी संशोधनासाठी तरुणांना अनुदान मिळतं हे त्यानं वाचलं, अर्ज केला आणि नवल म्हणजे तो मंजूर झाला. चाचणी कुठे घेणार, या रकान्यात त्यानं खरं ते लिहिलं: आलापल्लीचं सागवान, एटापल्लीची माती. नेमक्या त्याच रकान्यावर शेरा आला. 'सदर ठिकाण सुरक्षेच्या दृष्टीने उचित वाटत नाही. पर्यायी घनदाट जंगल सुचवावे.'

थोडक्यात, सुरुंग शोधायचं यंत्र तपासायला अशी जागा हवी जिथे सुरुंगाची भीतीच नाही. यात खोट काढता येत नाही. समितीतल्या मान्यवरांनाही बायकापोरं आहेत. त्यात गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन एकच, तेही पार वडशाला. तीन चतुर्थांशाहून जास्त जिल्हा जंगलानं व्यापलेला असला तरी त्यात समितीला उतरण्याजोगं जंगल निघालं नाही.

मग ठरलं नागपूर. विमानतळ आहे, अतिथिगृह आहे, अतिथिगृहाला लॉन आहे. जंगल तेवढं नव्हतं. पोरानं बिछायत केंद्राला फोन लावला.

"चाळीस कुंड्या पाहिजेत, दोन दिवस."

"लगन कोनाचं हाय जी?"

"लग्न नाही, जंगल आहे."

"मंग लाइटिंग नको म्हना."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून जंगल उतरलं. अरेका पाम, क्रोटन, दोन रबर प्लांट आणि आदल्या रात्रीच्या स्वागत समारंभातून थेट आलेली, फांदीला चमकीची माळ लटकलेली फायकसची चार झाडं. समितीनं पाहणी करून 'घनता अपुरी' असं नोंदवलं. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या. जंगल घनदाट झालं, पण आत शिरायला वाट उरली नाही, म्हणून दोन कुंड्या बाजूला सरकवून मधोमध पायवाट केली. पायवाटेखाली नकली सुरुंग पुरला आणि कोणा साहेबांचा पाय पडू नये म्हणून शिपायानं त्यावर लाल झेंडी रोवली.

यंत्र सुरू झालं. पहिल्याच कुंडीपाशी ते किंचाळलं. दुसऱ्या कुंडीपाशीही. चाळीसच्या चाळीस कुंड्यांखाली त्यानं धोका दाखवला, कारण बिछायतवाल्यानं प्रत्येक कुंडी लोखंडी स्टँडवर ठेवली होती. स्टँड बदलून प्लॅस्टिकचे आणले. मग लॉनखालचा पाण्याचा पाइप सापडला. शेवटी लाल झेंडीपाशी यंत्र पुन्हा किंचाळलं आणि टाळ्या झाल्या. अहवालात वाक्य आलं: 'घनदाट वनक्षेत्रात उपकरणाची कामगिरी समाधानकारक.'

इथे सगळं संपलं असतं. पण जंगलाचं बिल यायचं होतं. अनुदानात उपकरणं, साहित्य, प्रवास आणि आकस्मिक खर्च असे रकाने. जंगल कशात टाकायचं? उपकरण म्हणावं तर हमीपत्र लागतं. साहित्य म्हणावं तर ते वापरून संपायला हवं, आणि हे तर टेम्पोत बसून परत गेलं. लेखा शाखेनं विचारलं, तीन कोटेशन कुठे आहेत? पोरगा आणखी दोन बिछायत केंद्रांकडून मागच्या तारखेची जंगलं घेऊन आला. पैकी एकाचं जंगल स्वस्त होतं, तर सगळ्यात कमी दराचं जंगल का नाकारलं याचा खुलासा मागितला. त्यानं लिहून दिलं की त्या जंगलात झाडं प्लॅस्टिकची होती. मग साठा नोंदवहीत नोंद झाली, 'जंगल, घनदाट, नग 40', आणि परतीच्या रकान्यात 39 दिसले, कारण एक क्रोटन उन्हानं वाळून गेलं होतं. वाळलेल्या क्रोटनचं निर्लेखन करायला त्रिसदस्यीय समिती नेमली. ती जागेवर येऊन क्रोटन खरंच मेलं आहे का ते पाहणार होती. विशेष म्हणजे एका कुंडीच्या मयताला ती समिती आली. जिवंत जंगलाकडे यायला कोणी तयार नव्हतं! हे सगळं जुळल्याशिवाय 12-अ नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र निघत नाही, ते निघाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि 31 मार्च कोणासाठी थांबत नाही.

सिंदेवाहीची एक पोरगी या प्रकल्पात सोल्डरिंगपासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळं करते. कनिष्ठ संशोधकाची अधिछात्रवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. आहे म्हणजे नियमात आहे. तिची कित्येक महिन्यांची थकली आहे. कुंड्यांचं भाडं मात्र आगाऊ गेलं, कारण बिछायतवाला उधार ठेवत नाही. त्याला संशोधनाची आवड नाही.

देशात पैसा नाही असंही नाही. 2022-23 च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीतला 25 टक्के वाटा उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांसाठी खुला करण्याची घोषणा झाली. चांगली गोष्ट आहे. मी थट्टा करतोय ती पैशाची नाही.

आणि खरं सांगायचं तर थट्टा इथून पुढे जमत नाही. 1 मे 2019. महाराष्ट्र दिन. कुरखेड्याजवळ जांभूळखेडा. पोलिसांचे 15 जवान आणि त्यांना नेणाऱ्या खासगी गाडीचा चालक, असे 16 जण सुरुंगाच्या स्फोटात गेले. तिथे लाल झेंडी कोणी रोवली नव्हती. त्या रस्त्यावरून बाजाराला जाणारी, दवाखान्यात जाणारी, तेंदूपानाच्या हंगामात पहाटे निघणारी माणसंही आपलीच. यंत्र त्यांच्यासाठी आहे. ते अतिथिगृहाच्या लॉनवर किती गोड वाजतं याच्याशी त्यांना काय घेणं?

साधं विज्ञान आहे. एटापल्लीकडे सुरजागडचा डोंगर लोहखनिजाचा. लोहानं भरलेल्या मातीत धातुशोधकाला जमीनच धातूसारखी भासू शकते. यंत्र सतत वाजत राहिलं की जवान त्याचा आवाज कमी करतो, आणि मग खरा इशाराही कमी होतो. धातूऐवजी रडारनं शोधावं म्हटलं तर ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी खोल जात नाहीत, आणि आमच्याकडे पावसाळा चार महिने. वर सागाचा घोटाभर पाचोळा. आलापल्लीचा रस्ता शेणखत घातलेल्या लॉनसारखा वागत नाही, हे त्या पोराला लहानपणापासून माहीत आहे. म्हणूनच त्यानं तो रकाना तसा भरला होता. अख्ख्या प्रस्तावात तीच ओळ सगळ्यात शास्त्रीय होती आणि तीच तुम्ही खोडलीत. तरुणांना अनुदान देताना त्यांच्या कल्पकतेचं कौतुक करायचं, आणि त्यांना जे ठाऊक आहे ते मात्र पुसायचं, असा हा धंदा आहे.

कोणी समितीला खऱ्या सुरुंगावर चालायला सांगत नाही. नकली सुरुंग एटापल्लीच्या मातीतही पुरता येतो. जागा सुरक्षित करून देणारे लोक इथे आहेत, ते रोज तेच काम करतात. नागपूरहून सकाळी निघालात तर संध्याकाळच्या आत आलापल्लीला पोचाल. जेवण साधं मिळेल, पण गरम मिळेल. फक्त येणार असाल तर जूनच्या आधी या. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की पुढे भामरागडचा रस्ता बंद होतो.