शास्त्रोक्त पद्धतीने मेलेला संगणक घेणे

चालू संगणक कोणीही घेतो. पैसे मोजले, पिशवीत घातला, झालं. पण चाळीस वर्षांपूर्वीचा, बंद पडलेला, वायर हरवलेला संगणक घेऊन जिंकल्याच्या ऐटीत घरात शिरायचं, तर त्याला साधना लागते. पुढील नियम एका निवृत्त गृहस्थांच्या निरीक्षणावरून बांधले आहेत. हे गृहस्थ माझे वडील आहेत, हा निव्वळ योगायोग समजावा.

नियम पहिला : पात्रता. साधकाने भर उमेदीत संगणकाला कडाडून विरोध केलेला असावा. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२ साली ब्रिटनमध्ये आला. पुढे डेसिबेल्स कंपनीने त्याची प्लस आवृत्ती परवान्यावर भारतात ‘डीबी स्पेक्ट्रम+’ म्हणून विकली. माझ्या वर्गातल्या एका मुलीकडे ती होती. मी घरी विषय काढला, तेव्हा बाबा म्हणाले, “आधी एकोणतीसचा पाढा म्हणून दाखव.” तेच बाबा आता सत्तरी ओलांडल्यावर मेलेले स्पेक्ट्रम गोळा करतात. या विषयावर मला काहीही म्हणायचे नाही.

नियम दुसरा : स्थळ व मुद्रा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जावे. स्पेक्ट्रमचा सगळा संगणक कीबोर्डाच्याच पोटात असतो, त्यामुळे विकणारा त्याला तुटका कीबोर्ड समजतो. ही समजूत जपावी. आधी शेजारच्या पान्याचा भाव विचारावा, मग मिक्सरच्या भांड्याचा, आणि उठता उठता, “हे काय आहे हो?” बाबांना हे जमत नाही. ते लांबूनच “अगं, हे बघ!” म्हणून ओरडतात आणि वस्तू तिथल्या तिथे अँटिक होते.

नियम तिसरा : परीक्षा. खालच्या स्क्रूंची डोकी पाहावीत. झिजलेली असतील तर आधी कुणीतरी आत हात घालून गेला आहे, आणि त्याने केलेली दुरुस्तीही आपल्यालाच दुरुस्त करायची आहे. मग हलवून आवाज ऐकावा. शेवटी मागच्या फटीला नाक लावून हुंगावे. जळका वास आला तर भाव पाडावा. बाबा जळका वास आला की खूश होतात, कारण दोष शोधायचे श्रम वाचले.

नियम चौथा : “घेतला तेव्हा चालू होता,” असे विकणारा म्हणेल. मान डोलवावी.

नियम पाचवा : घरी आणल्या आणल्या वीज देऊ नये. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्ट लागतात, पण त्याच्या अडॅप्टरची पिन उलटी असते : आत उणे, बाहेर अधिक. हल्लीचे बहुतेक अडॅप्टर नेमके याच्या उलट. मूळ अडॅप्टर मिळाला आणि नुसता मोजताना मीटरने बाराच्या वर आकडा दाखवला, तर घाबरू नये. भार पडला की तो उतरतो.

मग मेमरी. खालच्या सोळा केबीसाठी ४११६ जातीच्या आठ चिप असतात आणि त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. पाय १ वर उणे पाच, पाय ८ वर बारा, पाय ९ वर पाच, पाय १६ ग्राउंडला. यातले उणे पाच गायब आणि बारा हजर असले, तर चिपांचे बळी जातात. दोष पुष्कळदा टीआर४ नावाच्या ट्रान्झिस्टरचा, आणि तो जातो संगणक चालू असताना मागे जॉयस्टिकची जोडणी खुपसणाऱ्या एखाद्या पोरापायी. त्या अज्ञात पोराचा बाबा अजून उद्धार करतात. आपल्या घरात असं पोर निघालं नाही, कारण आपल्या घरात संगणकच नव्हता, हे मी दर वेळी नमूद करते. दर वेळी त्यांना तेव्हाच ऐकू कमी येतं.

चिप काढताना बोर्ड वाचवायचा असतो, चिप नव्हे. मेलेल्या चिपचे पाय कटरने कापावेत, एकेक पाय तापवून उपटावा, भोके साफ करावीत आणि जागी सॉकेट बसवावे. पुढची चिपही जाणारच, तेव्हा निदान हात भाजणार नाहीत. बाबांचा हात थोडा थरथरतो, पण सोल्डरिंगचं टोक पायावर टेकलं की नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

नियम सहावा : फेरांटीची यूएलए चिप गेली असेल तर चहा घ्यावा.

नियम सातवा : एका ओळीतल्या पाच किल्ल्या एकदम मुक्या झाल्या, तर किल्ल्यांना दोष देऊ नये. कीबोर्डाखालच्या प्लॅस्टिकच्या पडद्याची शेपटी वयाने कडक होऊन तडकलेली असते. नवा पडदा मिळतो, मागवावा. चिकटपट्टी लावू नये. बाबा, चिकटपट्टी लावू नये.

नियम आठवा : टीव्हीवर यूएचएफचे ३६ वे चॅनेल धुंडाळत बसू नये. आतल्या मॉड्युलेटरला वगळून चित्र थेट कॉम्पोझिटवर घ्यावे. मालिकेच्या वेळी टीव्ही मागू नये. नियमाचा हा उत्तरार्ध आईचा आहे.

नियम नववा : यश. पडदा काळा होतो, पांढरा होतो आणि खाली १९८२ सालची सिंक्लेअर रिसर्चची ओळ येते. त्यानंतर गेम लावला जाईल या भ्रमात राहू नये. स्पेक्ट्रमवर एफ दाबला की ‘फॉर’ आणि पी दाबला की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटतो. बाबांनी तेवढ्यावर मोजक्या किल्ल्यांत एकोणतीसचा पाढा छापला आणि म्हणाले, “बघ, किती सोपं होतं.”

नियम दहावा : हिशेब. दोन मेलेल्या संगणकांतून एक जिवंत होतो आणि एक मेलेला उरतो. उरलेल्याला जोडीदार लागतो. जोडीदार आणला की पुन्हा एक जिवंत, एक मेलेला. या गणिताला शेवट नाही, हे साधकाने घरच्यांना सांगू नये; घरचे माळ्याकडे बघून ओळखतात. तूर्त यूएलए शाबूत असलेला एक मेलेला हवा आहे. रविवारी बाबांनी गाडीत बसायचं आहे, भाव मी करणार आहे.